बोटुकली मोजता, मग पाणीही मोजा

पावसाळ्यात मत्स्यबीजाची गाडी आली की आमच्या तलावाच्या पारीवर गर्दी जमते. प्राणवायू भरून फुगवलेल्या प्लास्टिकच्या पिशव्या, आत बोटभरही नसलेली पिल्लं. पिशवी थोडा वेळ पाण्यावर तरंगत ठेवायची, आतलं आणि बाहेरचं पाणी सारखं झालं की तोंड सोडायचं. मासेमार संस्थेचे अध्यक्ष, सचिव, एखादा पुढारी, फोटो. मग वहीत आकडा चढतो, इतके हजार बोटुकली, इतके लाख मत्स्यजिरे, म्हणजे त्याहून चिमुकली पिल्लं. मी हे लहानपणापासून पाहत आलो आणि मला त्याचा आनंदच वाटायचा. मासे वाढले की ढिवरांच्या, म्हणजे आमच्याकडच्या मासेमारांच्या घरात चार पैसे येतात, गावाला ताजी मासळी मिळते, यात वाईट काय? पण अलीकडे त्या गर्दीत उभा राहिलो की एक प्रश्न पाठ सोडत नाही. ज्या पाण्यात आपण हे सोडतोय, त्यात आधीपासून कोण राहतं, हे कोणी पाहिलं का?

मला इथे जिवाणूंबद्दल बोलायचं आहे. मी जीवशास्त्र शिकवतो. वर्गात जिवाणू हा शब्द उच्चारला की मुलांच्या तोंडी पटकन रोगांची नावं येतात. कॉलरा, क्षय, टायफॉइड. ती चूक मुलांची नाही, आपण त्यांना तेवढंच शिकवलं. पण तलावाच्या एक मिलिलिटर पाण्यात, म्हणजे वीसेक थेंबांत, साधारण १० लाख जिवाणू असतात. तळाच्या चिखलाच्या एका ग्रॅममध्ये १०० कोटींच्या घरात. त्यातले रोग देणारे नावापुरते. बाकीचे दिवसरात्र तलावाचं काम करत असतात. कुजलेलं पान, गुरांचं शेण, वरच्या बांध्यांतून वाहून आलेला युरिया, धुण्याच्या साबणाचा फेस, या सगळ्याचा निपटारा तेच करतात. पूर्व विदर्भातल्या आमच्या मामा तलावांना, म्हणजे माजी मालगुजारी तलावांना, कुठलाही गाळणी प्रकल्प नाही. गुरं पाणी पितात, बाया कपडे धुतात, पोरं डुंबतात, निस्ताराची, म्हणजे गावाच्या रोजच्या वापराची सगळी कामं तिथेच होतात, आणि तरीही हे पाणी पिढ्यान्‌पिढ्या वापरण्याजोगं राहिलं. कसं राहिलं, याचं उत्तर चिखलात आहे आणि पाणवनस्पतींच्या देठांवर आहे.

देठांवर का म्हणतो, ते सांगतो. दोन वर्षांपूर्वी संस्थेतल्या एका काकांबरोबर डोंग्यात बसून तलावाच्या मध्यावर गेलो होतो. त्यांनी हात घालून हायड्रिलाचा एक झुपका उपटून माझ्या हातात दिला. झुपका सळसळीत हिरवा, पण हाताला बुळबुळीत. बोटांत धरून देठ ओढला तर अंगठ्यावर पिवळट-तपकिरी साय आली. काका म्हणाले, "हे मासोळीच्या पिल्लाचं दूध आहे जी." त्या सायीत जिवाणू, बारीक शैवाल आणि त्यांना खाणारे एकपेशीय जीव एकमेकांना चिकटून राहतात. झुडपाच्या एकेका फांदीवर केवढी जागा होते, याचा विचार करा. एका हेक्टरभर पाण्याखाली अशी वनस्पती दाटीने असेल तर या सायीसाठी कित्येक हेक्टर पृष्ठभाग तयार होतो. पाणी त्यातून हळूहळू फिरतं आणि निवळतं. त्या सायीवर गोगलगाई, झिंगे, किड्यांच्या अळ्या चरतात आणि त्यांच्यावर आपले देशी मासे पोसले जातात. काकांनी एका वाक्यात सांगितलं ते मला वर्गात शिकवायला दोन तास लागतात.

चिखलाची गोष्ट याहून नाजूक आहे. शांत तलावाच्या तळाशी वरचा काही मिलिमीटरांचा थर प्राणवायू असलेला असतो, त्याखाली प्राणवायू नसतो. या दोन थरांत वेगवेगळे जिवाणू राहतात. वरचे अमोनियाचं नायट्रेट करतात, खालचे त्या नायट्रेटचा साधा नायट्रोजन वायू करून हवेत सोडून देतात. शेतातून आलेलं जास्तीचं खत तलावातून असं बाहेर पडतं. स्फुरद, म्हणजे फॉस्फरस, हेही असंच आवरलेलं असतं. वरच्या थरातल्या लोहाला ते बांधलेलं असतं. प्राणवायू संपला की बांधलेलं सुटतं आणि पाण्यात मिसळतं. व्हॅलिस्नेरियासारख्या वनस्पती मुळांतून चिखलात प्राणवायू सोडतात, म्हणून त्यांच्या मुळांभोवती ही कामं जास्त जोरात चालतात. ही सगळी मांडणी काही मिलिमीटरांच्या थरांची आहे, आणि तिथे आपण सायप्रिनस सोडतो.

सायप्रिनस, म्हणजे कॉमन कार्प, तळातला मासा आहे. तोंड पुढे काढून चिखलाचा घास घेतो, त्यातले किडे-अळ्या चाळून ठेवतो आणि उरलेला चिखल थुंकून देतो. दिवसभर हेच. काकांनी मला त्याचे बुडबुडे दाखवले. सकाळच्या शांत पाण्यावर एका ओळीत बुडबुडे उठत होते आणि त्यांच्यामागे चहासारख्या रंगाचा पट्टा पसरत होता. "डुकरावानी उकरते हा. पयले हातभर खालचा झिंगा दिसे, आता कोपर बुडलं का हात नाई दिसत." मी तेव्हा चपापलो, कारण हे मला ठाऊक असायला हवं होतं. डोंग्यातला पांढरा ताटलीएवढा झाकणा आम्ही दोरीला बांधून खाली सोडला. दोन वितींवर तो दिसेनासा झाला. शेजारच्या गावच्या तलावात, जिथे अजून हायड्रिला आणि कमळ आहे, तोच झाकणा सात वितींपर्यंत दिसला. दोन्ही तलाव एकाच नाल्याच्या पाण्यावर भरतात.

गढूळपणा हा फक्त डोळ्यांना दिसणारा भाग. मासा तळ उकरतो तेव्हा थर मोडतात, खालच्या अंधाऱ्या थरातले जिवाणू वर येतात, बांधलेलं स्फुरद पाण्यात मोकळं होतं. मुळांपाशी उकरल्याने वनस्पती उपटून येतात आणि गढूळ पाण्यात ऊन खाली पोचत नाही म्हणून नव्या रुजत नाहीत. देठ गेले की त्यावरची साय गेली. ज्या जिवाणूंना बसायला जागा होती त्यांच्याऐवजी आता पाण्यात मोकळे तरंगणारे जिवाणू वाढतात. संख्या वाढते, काम मात्र बदलतं. लोक म्हणतात, "जिवाणू तर वाढलेच ना, मग नुकसान काय?" नुकसान असं, की गावात माणसं तेवढीच राहिली पण सुतार, लोहार, गवंडी निघून गेले आणि सगळे एकच धंदा करू लागले, तर गावाची कामं अडतील की नाही?

बिघाडाचा दुसरा रस्ता वरच्या बाजूने येतो. पाण्यात उघड्या डोळ्यांना ठिपक्यासारखे दिसणारे बारीक प्राणी असतात, पाणपिसवा म्हणतात त्यांना. डॅफ्निया, मोइना ही त्यांची शास्त्रीय नावं. ते पाणी गाळून शैवाल आणि जिवाणू खातात. माशांची पिल्लं आणि वरच्या थरात चरणारे मासे या पाणपिसवांवर तुटून पडतात. पिल्लं बेसुमार सोडली की पाणपिसवा संपतात, आणि मग जिवाणू खाणारे उरतात ते फक्त सूक्ष्म एकपेशीय जीव. हे एकपेशीय जीव मधल्या आकाराचे जिवाणू वेचून खातात. म्हणून तगतात ते दोन टोकांचे, एक तर अगदी चिमुकले, नाहीतर घशात न मावणारे लांबलचक धाग्यासारखे. माशाने एकही जिवाणू खाल्लेला नसतो, तरी जिवाणूंची वस्ती बदलून जाते. मला ही साखळी फार विलक्षण वाटते, आणि भीतीदायकही.

तिसरा रस्ता गवत्याचा, म्हणजे ग्रास कार्पचा. तो वनस्पतीच खातो. रोज स्वतःच्या वजनाएवढा चारा खाऊ शकतो आणि त्यातला निम्माअधिक न पचता बाहेर टाकतो. म्हणजे ज्या स्फुरदाला वनस्पतीने वर्षभर अंगात धरून ठेवलं होतं ते त्याच्या लेंडीतून चार दिवसांत पाण्यात येतं. बेशरमाची झुडपं आणि जलपर्णी माजलेल्या तलावात गवत्या सोडावा असा सल्ला दिला जातो, पण त्याला बेशरम नको असते. त्याला कोवळी हायड्रिला आवडते. नको ते उरतं, हवं ते जातं.

या तिन्ही वाटा एका ठिकाणी येऊन मिळतात. पाण्यात स्फुरद भरपूर, वनस्पती नाहीत, पाणपिसवा नाहीत, उन्हाळ्याचं ऊन. मग एके दिवशी पाण्यावर हिरव्या रंगाची साय धरते. तिला आपण शेवाळ म्हणतो, पुस्तकात नीलहरित शैवाल म्हणतात, पण ते खरे जिवाणूच. मायक्रोसिस्टिस हा त्यांतला सगळ्यांत बदनाम. त्याच्या काही जाती यकृतावर घाव घालणारं विष तयार करतात आणि ते पाणी उकळूनही जात नाही. गुरांनी असं पाणी प्यायल्यावर ती दगावल्याच्या नोंदी जगभर आहेत. आमच्या तालुक्यातल्या एका तलावावर मी ही साय पाहिली. पहाटे मासे तोंड वर काढून हवा घेत होते, ऊन वर येईपर्यंत किनाऱ्याला पांढरी पोटं दिसू लागली. रात्री ही साय प्राणवायू देत नाही, उलट ओढून घेते. संस्थेचा त्या वर्षीचा सगळा माल गेला. त्यात देशी मरळ तेवढी वाचली, कारण ती थेट हवेतून श्वास घेऊ शकते.

हे मासे आले कुठून? सायप्रिनस मूळचा आशिया-युरोपचा. १९३९ मध्ये सिलोनहून उटीला आणि १९५७ मध्ये बँकॉकहून दुसरी जात आली. गवत्या आणि चंदेरा (सिल्व्हर कार्प) १९५९ साली आले. त्याआधी १० जुलै १९५७ ला ओडिशातल्या अंगुल इथे हिरालाल चौधरी यांनी माशाच्या मेंदूतल्या ग्रंथीचा अर्क टोचून देशी माशांचं प्रजनन घडवलं. बीज नदीतून गोळा करण्याची गरज संपली. देशाला मासे हवे होते आणि ते त्यामुळे मिळाले. त्या शोधाबद्दल मला अजूनही आदर आहे. रोहू, कटला, मृगळ हेही वैनगंगेचे नव्हेत, गंगेकडचे. पण एक फरक आहे. रोहू-कटला साचलेल्या पाण्यात अंडी घालत नाहीत, त्यांना वाहती नदी लागते. चुकलं तर पुढच्या वर्षी न सोडता थांबता येतं. सायप्रिनस मात्र तलावातच वाढतो, वनस्पतींना अंडी चिकटवतो, मादी लाखांनी अंडी देते. बारमाही तलावात एकदा उतरला की तो तुम्हाला विचारून जात नाही. उन्हाळ्यात तळ उघडा पडणाऱ्या बोड्या, म्हणजे लहान तळी, या बाबतीत नशीबवान. मे महिन्यात चिखलाला भेगा पडतात, हवा लागते, आणि मासाही संपतो.

हे फक्त आमच्याकडचं रडगाणं नाही. हिमाचलच्या गोविंदसागर जलाशयात १९७१ मध्ये चंदेरा चुकून शिरला आणि पुढे तिथल्या कटल्याची जागा त्याने घेतली. अमेरिकेतल्या उथळ तलावांत सायप्रिनस हेक्टरी सुमारे १०० किलोच्या पुढे गेला की पाणवनस्पती झपाट्याने घटतात, हे मोजलेलं आहे. नेदरलँड्समधल्या वेलुवेमेर या उथळ तलावातून १९९० च्या दशकात तळ उकरणारे मासे मुद्दाम पकडून कमी केले, तेव्हा पाणी निवळलं आणि वनस्पती परतल्या. थंड देशांचे धडे जसेच्या तसे इथे लागू होत नाहीत हे मला मान्य. आपल्याकडे बर्फाचा हिवाळा नाही, मासा आणि जिवाणू बाराही महिने जागे असतात. पण म्हणूनच बिघाडही लवकर होतो.

आणि सूक्ष्मजीव तलावाचं रूप पालटतात यावर विदर्भातल्या माणसाचा विश्वास बसायला काय हरकत आहे? जून २०२० मध्ये लोणारचं पाणी गुलाबी झालं तेव्हा सारा महाराष्ट्र बघत होता. ते मीठ मानवणाऱ्या हॅलोआर्किया या सूक्ष्मजीवांमुळे झालं. जिवाणूंचे ते दूरचे भाऊबंद. तिथे मासा नाही, कारणही वेगळं. पण पाण्यातली न दिसणारी वस्ती बदलली की दिसणारं पाणी बदलतं, हे आपण डोळ्यांनी पाहिलंय. गोंदियातल्या तलावाचं पाणी मातकट किंवा हिरवट झालं की मात्र ते आपल्याला पावसाचं किंवा गाळाचं वाटतं.

आता माझ्या ढिवर मित्रांचा राग मी ओढवून घेऊ नये म्हणून नव्हे, तर खरंच तसं वाटतं म्हणून सांगतो. यात दोष त्यांचा नाही. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली आणि नागपूर या जिल्ह्यांत सहा हजारांवर मामा तलाव आहेत. गोंड राजांच्या काळात कोहळी समाजाने ते बांधले. १९५० च्या कायद्याने मालगुजारी गेली, तलाव सरकारचे झाले, लहान जिल्हा परिषदेकडे, मोठे पाटबंधाऱ्याकडे. पाण्यावर हक्क सिंचनाचा, मासळीचा ठेका संस्थेचा, आणि वनस्पतींचा वाली कोणीच नाही. संस्थेला ठेक्याची रक्कम भरायची असते, बीजाचे पैसे द्यायचे असतात. मग लवकर वाढणारा, वजन देणारा मासा कोणाला नको? सायप्रिनस सहा-आठ महिन्यांत विकण्याजोगा होतो. वाघूर, शिंगी, मरळ यांना बाजारात भाव जास्त, पण त्यांचं बीज कोण देतं? ज्याच्या डोक्यावर हप्ता आहे त्याला पाण्याच्या थरांची गोष्ट सांगणं सोपं नाही, आणि ती सांगताना मला संकोचही वाटतो.

तरीही ती सांगायला हवी, कारण नुकसान पहिलं त्याच्याच घरात येतं. शिंगाडा गेला, कमळकाकडी गेली, झिंगे गेले. हे सगळं बाया काढायच्या आणि बाजारात नेऊन विकायच्या. वहीत त्याचा आकडा कधी चढला नव्हता, म्हणून तो गेल्याचाही आकडा नाही. किलोत मोजलेलं सायप्रिनसचं उत्पन्न वाढलेलं दिसतं आणि घरातल्या बाईची मिळकत बुडालेली दिसत नाही.

दुसरीकडे गोंदिया जिल्ह्यातल्या अर्जुनी मोरगाव तालुक्यात भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळाबरोबर काही ढिवर संस्थांनी आणि तिथल्या स्त्रियांनी उलट्या दिशेने काम केलं. तलावातली बेशरम खणून काढली, तळ नांगरला, हायड्रिला, व्हॅलिस्नेरिया अशा देशी वनस्पती दुसरीकडून आणून लावल्या, देशी मासे परतू दिले. मला यात सर्वांत मोलाचं वाटतं ते हे, की कुठली वनस्पती कुठल्या माशाच्या कामाची हे त्यांना कोणी बाहेरून सांगावं लागलं नाही. ते ज्ञान त्यांच्याकडेच होतं. शास्त्राने फक्त त्यातला बुळबुळीत भाग उलगडून दाखवायचा आहे.

माझं म्हणणं मासे सोडू नका असं नाही. ज्या मामा तलावात पाणवनस्पती शिल्लक आहेत तिथे सायप्रिनस आणि गवत्या अनुदानाच्या बीजातून बंद व्हायला हवेत, हे मी ठामपणे म्हणतो. थाई मांगुरावर केंद्राने २००० सालीच बंदी घातली. एखादा परका मासा नको असं ठरवता येतं, हे तेव्हाच सिद्ध झालं. सायप्रिनसवर देशभर बंदी मी मागत नाही. शेततळ्यात, सिमेंटच्या टाक्यात खुशाल वाढवा. गावच्या निस्ताराच्या पाण्यात नको. रोहू-कटल्याची संख्याही तलावाच्या क्षेत्रफळाच्या ठरीव गणिताने न सोडता मार्च-एप्रिलमध्ये उरणाऱ्या पाण्यावर ठरवावी, कारण तुडुंब तलावाला झेपणारी पिल्लं कमरेएवढ्या पाण्याला झेपत नाहीत. मरळ, शिंगी, वाघूर यांचं बीज तयार करणारं केंद्र पूर्व विदर्भात हवं. आणि ठेक्याची रक्कम इतकी खाली यावी की संस्थेला दम घेता येईल. पाणी राखण्याचं काम ती करणार असेल तर तिने सरकारला पैसे का मोजायचे?

गाळ काढण्याबद्दलही एक वाक्य. जेसीबीने तळ मुरमापर्यंत खरवडला की मुळं, बीज आणि ते १०० कोटींचे थर एकदमच शेतात जातात. गाळ काढाच, शेताला तो हवा असतो, पण तलावाचा एक तृतीयांश भाग दरवेळी हात न लावता सोडा, म्हणजे उरलेल्याला तिथून विरजण मिळेल.

हे ठरवण्याचा अधिकार गावाकडे आहे, आणि तो कागदावर आहे. जैवविविधता कायदा २००२ नुसार प्रत्येक ग्रामपंचायतीत समिती आणि लोक जैवविविधता नोंदवही असायला हवी. वनहक्क कायदा २००६ सामुदायिक हक्कांत मासे आणि जलाशयातल्या इतर उपजांचं नाव घेऊन उल्लेख करतो. आमच्या नोंदवहीत मी पाहिलं, झाडांची पानं भरलेली आहेत, पक्ष्यांची भरलेली आहेत. पाणवनस्पतींच्या पानावर दोन नावं आहेत. चिखलाला पानच नाही.

आता संस्थेच्या खोलीत खिळ्याला तो पांढरा झाकणा टांगलेला असतो. दोरीला दर वितीवर गाठ. दर अमावास्येला काका डोंगा काढतात, एकाच ठिकाणी, त्या बुडालेल्या पळसाच्या खुंटापाशी, झाकणा सोडतात आणि वर येऊन गाठी सांगतात. मी वहीत लिहितो. गेल्या वर्षी सायप्रिनस सोडला नाही, होता तो जाळं लावून जमेल तितका काढला. पहिले चार महिने दोनच गाठी. पौषात तीन झाल्या. काकांनी झाकणा पुन्हा खाली सोडला, पुन्हा वर घेतला, मला म्हणाले, "तीनच लिहा, पण बाजूले लिवा का खुंटापाशी हायड्रिलाचं एक पान निघालं."